बाळाला जन्मजात व्यंग का येतं? घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

जन्मजात व्यंग म्हणजे नेमकं काय?

बाळ पोटात असताना शरीराचा एखादा भाग नीट घडला नाही, किंवा घडला पण त्याचं काम बिघडलं, तर त्याला जन्मजात व्यंग म्हणतात. काही व्यंगं जन्मताच दिसतात: दुभंगलेला ओठ, आत वळलेलं पाऊल, पाठीवरची गाठ. काही अजिबात दिसत नाहीत. हृदयाच्या पडद्यातलं छिद्र पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपलाही ऐकू येत नाही. बहिरेपण घरच्यांच्या लक्षात यायला दोन-दोन वर्षं जातात. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार तर चार-सहा महिन्यांनी बाळ पांढरं पडायला लागलं की मगच कळतो. त्यामुळे "जन्मलं तेव्हा अगदी गुटगुटीत होतं हो" हेही खरं आणि आजार जन्मजात आहे हेही खरं.

आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर निळसर-काळे डाग असतात. आजीबाई ते पाहून घाबरतात. ते व्यंग नाही, वय वाढेल तसे फिके होतात.

हे किती बाळांमध्ये होतं? आमच्या अख्ख्या नात्यात कुणालाच नाही.

अमेरिकेत नीट नोंदी ठेवल्या जातात. तिथे दर ३३ बाळांमागे एकाला लक्षात घेण्याजोगं व्यंग असतं, म्हणजे शंभरात तीन. जनुकीय आजार धरून जगाचा आकडा शंभरात सहापर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा व्यंगांमुळे दरवर्षी सुमारे २ लाख ४० हजार बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. गंभीर व्यंग असलेल्या दर दहा बाळांपैकी नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात.

"नात्यात कुणालाच नाही" याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की कुणी सांगितलेलं नाही. आजीच्या काळात जन्मून तिसऱ्या दिवशी गेलेल्या बाळाला कोणता आजार होता, हे कुणाला ठाऊक असतं? आणि खरोखरच घराण्यात काही नसतानाही बहुतेक व्यंगं होतात. हृदयदोष किंवा दुभंगलेला ओठ घेऊन आलेल्या बाळांपैकी बहुसंख्य बाळं आपल्या घरातलं असं पहिलंच बाळ असतात.

सर्वात जास्त कोणती व्यंगं आढळतात?

वर्षाला ७,००० बाळंतपणं होणारं एखादं मोठं सरकारी रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. नेहमीच्या प्रमाणानुसार तिथे वर्षभरात साठेक बाळांना हृदयदोष असेल, कारण त्याचं प्रमाण हजारी आठ-नऊ आहे. सगळ्या जन्मजात व्यंगांत हाच पहिल्या क्रमांकावर. त्यातही सर्वाधिक असतं ते हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, मोठ्यांना शस्त्रक्रिया लागते.

त्याच रुग्णालयात दहाएक बाळांचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल (७०० मागे एक). सात-दहा बाळांचे पाय आत वळलेले असतील. आठेक बाळांना डाऊन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असण्याचा दोष, असेल. सात ते वीस बाळांना जन्मतः ऐकू येत नसेल. पाठीचा कणा किंवा कवटी नीट न मिटण्याचा दोष भारतातल्या अभ्यासांत हजारी चारच्या आसपास आढळला आहे, म्हणजे इथे पंचवीसहून जास्त गर्भ. त्यातले काही सोनोग्राफीत आधीच कळतात, काही मृत जन्मतात. या दोषाचं आपल्याकडचं प्रमाण श्रीमंत देशांच्या कितीतरी पट आहे आणि नेमका हाच दोष मोठ्या प्रमाणात टाळता येतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मुलग्यांमध्ये आणखी दोन गोष्टी नेहमी दिसतात. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असणं हे दोन-तीनशे मुलग्यांमागे एकाला होतं. अशा मुलाची सुंता शस्त्रक्रियेआधी करू नये, दुरुस्तीसाठी तीच कातडी लागते. दुसरी गोष्ट, वृषण खाली न उतरणं. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायची, नाही उतरलं तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यायची. "मोठा झाला की उतरेल" म्हणत लग्नाच्या वयापर्यंत थांबलेली मुलं आजही येतात, तेव्हा वृषणाचं काम बरंचसं गेलेलं असतं.

आईचं काही चुकलं असेल का?

हा प्रश्न आई विचारते, सासू विचारते, कधी नुसता नजरेतून विचारला जातो. सुमारे निम्म्या व्यंगांना एकच असं ठरावीक कारण सापडत नाही. उरलेल्यांत काहींचं मूळ गुणसूत्रांत किंवा जनुकांत असतं, काहींचं आईच्या आजारात, संसर्गात किंवा औषधात, काहींचं आहारातल्या एखाद्या कमतरतेत. हृदयदोष, ओठ, पाऊल यांत तर दोन्हीकडून आलेली अनेक जनुकं आणि बाहेरची थोडी परिस्थिती अशी सगळी सरमिसळ असते. जनुकं अर्धी वडिलांकडून येतात हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. वडिलांचं वय वाढतं तसे शुक्रपेशींत नवे जनुकीय बदलही वाढतात. खुजेपणाचा एक प्रकार तसाच येतो, आईवडील दोघंही सामान्य उंचीचे असताना.

बाहेरचं कारण बाळाला इजा करू शकतं, हे वैद्यकाला मुख्यतः दोन घटनांनी शिकवलं. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेला होता. दुसरी घटना थॅलिडोमाइडची. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायकांना मळमळीवर सर्रास दिलं गेलं. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातपाय खुरटलेली जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या औषध खात्यातल्या डॉक्टरबाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली होती. गरोदरपणात कोणत्याही गोळीआधी डॉक्टर आज दहा प्रश्न विचारतात ते तेव्हापासून.

ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. त्यामुळे ओठ फाटला का?

नाही. ओठाचे भाग गर्भाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात जुळतात आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात काहीही चिरलं तरी तोवर ओठ केव्हाच तयार झालेला असतो. शिवाय ज्या वर्षी आपल्याकडे एकही ग्रहण दिसत नाही, त्या वर्षीही ७०० मागे एक हे प्रमाण जवळपास तेच राहतं. ग्रहण कधी न पाळणाऱ्या देशांतही साधारण तेवढंच असतं.

यात खरं नुकसान वेगळंच आहे. गरोदर बाईला तासन्‌तास उपाशी, तहानलेली, एका जागी बसवून ठेवतात. शुगर असलेल्या बाईसाठी ते धोक्याचं. आणि बाळाला काही झालंच, तर त्या एका विळीचं ओझं ती जन्मभर वाहते.

दिवस गेल्याचं माहीत नव्हतं तेव्हा तापाची गोळी घेतली, छातीचा एक्स-रेही काढला. आता काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मोठी इजा झाली तर गर्भ टिकतच नाही, टिकला तर सहसा धड राहतो. अवयव घडण्याचा नाजूक काळ तिसऱ्या ते आठव्या आठवड्यातला. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत चालतं. छातीच्या एका एक्स-रेमधून गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग इतका कमी असतो की धोक्याच्या पातळीच्या तो जवळपासही जात नाही. एवढ्यासाठी कुणी गर्भपाताचा सल्ला दिला तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्याच.

खरोखर टाळायची औषधं थोडी आहेत, पण त्यांच्याबाबत हयगय नको: मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, फिट येऊ नयेत म्हणून दिलेलं व्हॅल्प्रोएट, संधिवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, बीपीच्या गोळ्यांपैकी एनालाप्रिल-रामिप्रिलचा गट. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या बाळाला मोठं व्यंग असण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास जाते. तरीही ते मनानं बंद करायचं नाही. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. मूल हवं असं ठरलं की आधीच न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन औषध बदलून घ्यायचं.

फॉलिक ॲसिडची गोळी कधी सुरू करायची?

दिवस जायच्या आधी. या संपूर्ण पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पाठीचा कणा आणि मेंदू सुरुवातीला एका सपाट पट्टीसारखे असतात. ती पट्टी गुंडाळून नळी होते आणि गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. मिटायची राहिली तर वरच्या टोकाला कवटी-मेंदू घडत नाही, खालच्या टोकाला पाठीवर उघडी गाठ राहते, पाय लुळे पडतात, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, डोक्यात पाणी साठतं. आता हिशेब करा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. आपल्याकडे बाई नाव नोंदवायला येते दोन-अडीच महिन्यांनी. तिथे तिला गोळी मिळते, ती निष्ठेनं घेतेही. पण नळी केव्हाच मिटलेली असते किंवा उघडी राहिलेली असते.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात ते मिसळणं सक्तीचं केलं. आपल्याकडे फोर्टिफाइड तांदूळ-पिठाच्या पिशवीवर "+एफ" अशी निळी खूण असते. त्यात लोह आणि ब१२ सोबत फॉलिक ॲसिड असतं.

मात्रा: सर्वसाधारण बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधी किमान एक ते तीन महिने आणि नंतर पहिले तीन महिने. आधीचं बाळ असं झालेलं असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. दोन्ही मात्रांत दहापटीहून जास्त फरक आहे, म्हणून शेजारणीची गोळी उसनी घेऊ नका.

आपल्यासाठी एक जोड महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्या मातांपैकी निम्म्याहून जास्त जणींमध्ये ब१२ कमी आढळलं. ब१२ दूध, दही, अंडी, मासे, मटणात असतं, पालेभाजी-डाळीत नसतं. फॉलिक ॲसिडचं काम ब१२ वाचून पुरं होत नाही. शाकाहारी घरातल्या, चहात घालण्यापुरतंच दूध पिणाऱ्या मुलीनं हे तपासून घ्यावं.

लग्न ठरलंय. आधी काय करून घ्यावं?

हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, रक्तगट आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एक तपासणी. ही शेवटची सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेली माणसं, ओळखते. वाहक माणूस ठणठणीत असतो, फार तर किंचित पंडुरोग. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एक बाळ आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नव्हे, दर वेळी फासा नव्याने पडतो.

सिकलसेल महाराष्ट्रात प्रामुख्याने विदर्भाच्या पूर्व भागात आणि नंदुरबार-सातपुड्याच्या पट्ट्यात आढळतो. देशपातळीवरची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. थॅलेसेमियाचे वाहक भारतात शंभरात तीन-चार आहेत, सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत त्याहून जास्त. वाहक निघालात म्हणून सोयरीक मोडायची गरज नाही. दोघंही वाहक असाल तर दिवस राहिल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यातच वारेच्या पेशी तपासून बाळाला आजार आहे का हे कळतं.

रुबेलाची लसही विचारून घ्या. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांसाठी होती. तेव्हा त्याहून मोठ्या असलेल्या मुली पुष्कळदा राहून गेल्या आहेत. पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाला तर बाळाला इजा होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत असतो: मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत आणि गरोदरपणात ती घेऊच नये.

मामाच्या मुलीशी लग्न आमच्यात चालतं. धोका किती?

सख्ख्या मामे-आते भावंडांची जनुकं एक अष्टमांश समान असतात. त्यामुळे दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारण जोडप्यात गंभीर व्यंगाचा धोका शंभरात दोन-तीन, अशा जोडप्यात साधारण चार ते सहा. म्हणजे दुप्पट, पण शंभरातली चौऱ्याण्णव तरी बाळं नीटच. एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अशी लग्नं होत असतील, किंवा घरात मतिमंदत्व, बहिरेपण, वारंवार बाळ दगावणं असं काही असेल, तर धोका बराच वाढतो. तेव्हा लग्नाआधीच जनुकतज्ज्ञाला गाठा.

वय पस्तीस झालं की बाळ डाऊनचं होतंच का?

होतंच असं नाही. आई विशीत असताना साधारण १,५०० मागे एक, पस्तिशीत ३५० मागे एक, चाळिशीत १०० मागे एक. म्हणजे चाळिशीतही शंभरात नव्याण्णव बाळांना तो नसतो. उलट, डाऊनची बहुतेक बाळं तरुण आयांनाच होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात. म्हणून चाचणी सगळ्यांनाच सुचवतात.

डाऊनमध्ये एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. हे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये उलगडलं. जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, म्हणून निदान होताच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. थायरॉइड, कान, डोळे वरचेवर पाहायचे. ही मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, शाळेत जातात, कामाला लागतात. श्रीमंत देशांत त्यांचं सरासरी आयुष्य आता साठीच्या आसपास पोहोचलं आहे. "मंगोल" हा जुना शब्द अजून काही फायलींवर दिसतो, तो आता टाकलेलाच बरा.

शुगर आणि मिशरीचा काही संबंध?

शुगरचा थेट. दिवस राहण्याआधीपासून मधुमेह असेल आणि तो ताब्यात नसेल तर हृदयाच्या आणि कण्याच्या दोषांचा धोका दोन ते चार पटींनी वाढतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी साडेसहाच्या खाली आणून मगच दिवस राहू द्यावेत. गरोदरपणात नव्याने आलेली शुगर सहसा अवयव घडून झाल्यावर येते. तिच्यामुळे बाळ अति मोठं होणं वगैरे त्रास होतात, व्यंगं फारशी नाहीत.

मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला म्हणून दिवसातून चार वेळा लावणाऱ्या बायका तिला व्यसनात मोजत नाहीत. तिच्यामुळे बाळ कमी वजनाचं होण्याचा आणि पोटात दगावण्याचा धोका वाढतो. विडी-सिगारेटच्या धुराने ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो, त्यात नवऱ्याचा धूरही आला. दारूची सुरक्षित मात्रा गरोदरपणात नाही.

प्रत्येक सोनोग्राफी नॉर्मल होती. मग हे कसं सुटलं?

सोनोग्राफीला आकार दिसतो, काम दिसत नाही. बहिरेपण, थायरॉइड, सिकलसेल तिच्यात दिसणार नाहीत. नुसती टाळू फाटलेली असेल, हृदयातलं छिद्र बारीक असेल, शौचाची जागा बंद असेल तर तेही बहुतेक वेळा निसटतं. बाळ उलटं झोपलेलं, आईचं पोट जाड, मशीन जुनं, तपासणाऱ्याचा अनुभव कमी, यानेही फरक पडतो. डॉक्टरांचा निष्काळजीपणा कधी असतोही, पण प्रत्येक निसटलेलं व्यंग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

वेळा मात्र पाळा. पहिली तपासणी अकरा ते पावणेचौदा आठवड्यांत, तेव्हा मानेमागचं पाणी मोजतात आणि सोबत डबल मार्कर ही रक्तचाचणी करतात. दुसरी, व्यंगं पाहायची सविस्तर सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत. रक्तचाचणीत "हाय रिस्क" आलं म्हणजे निदान झालं असं नाही. ती फक्त चाळणी आहे. खात्री करायची तर गर्भजल काढून गुणसूत्रं पाहावी लागतात. "हाय रिस्क" या दोन शब्दांवर रडून महिना घालवणाऱ्या कित्येक जणींचं बाळ नीट असतं.

मुलगा की मुलगी हे विचारू नका, सांगणं गुन्हा आहे. या तंत्रावर कायदा करणारं महाराष्ट्र १९८८ मध्ये देशातलं पहिलं राज्य होतं, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. व्यंग मात्र स्पष्ट विचारा. ते सांगायला कोणताही कायदा आड येत नाही.

विसाव्या आठवड्यानंतर मोठं व्यंग कळलं तर?

२००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्याने बाळाच्या हृदयदोषामुळे गर्भपाताची परवानगी मागितली होती. तेव्हाची मर्यादा वीस आठवडे, ती उलटून गेली होती आणि परवानगी नाकारली गेली. त्या खटल्यानंतर देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. गर्भात गंभीर व्यंग असेल आणि वैद्यकीय मंडळाने तसं निदान केलं तर चोवीस आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते.

निर्णय आईचा. त्याआधी त्या व्यंगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे बालशल्यतज्ज्ञ किंवा बालहृदयरोगतज्ज्ञांना भेटा. सोनोग्राफीच्या खोलीत जे भयंकर वाटतं त्यातलं काही पुष्कळ चांगलं दुरुस्त होतं आणि काही खरोखरच होत नाही. फरक तेच सांगू शकतात.

बाळ जन्मल्यावर कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही?

तोंडातून सारखा फेस आणि दूध पाजताच ठसका, निळेपण: अन्ननलिका जुळलेली नसेल, पाजणं थांबवा. हिरवी उलटी: आतड्याला पीळ असू शकतो, तासांचा प्रश्न आहे. चोवीस तासांत काळी शी झाली नाही. ओठ-जीभ निळी. दूध पिताना कपाळाला घाम, दर दोन घोटांनी थांबणं, वजन न वाढणं: हृदय तपासा.

कावीळ दोन आठवड्यांहून जास्त टिकली आणि शी पांढरट असेल तर "उन्हात ठेवा" हा सल्ला ऐकू नका. पित्तनलिका बंद असू शकते. त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तरच ती यशस्वी होण्याची आशा जास्त. बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तरी तेवढीच घाई करा.

घरी जाण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन, कानाची चाचणी, टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी. थायरॉइडची कमतरता भारतात सुमारे हजार-बाराशे बाळांमागे एकाला असते. पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्तातली गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, सहा महिने उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. सर्व बाळांसाठी ही तपासणी आपल्याकडे अजून सक्तीची नसावी, याचा राग येतो.

आणि बाळाला दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका, खुब्याचा सांधा निखळू शकतो. कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत त्या सांध्यासाठी उत्तम.

ओठ आणि पाय पूर्ण बरे होतात का?

ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत, टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांत. तोवर प्रश्न असतो पाजण्याचा. टाळू फाटलेलं बाळ ओढू शकत नाही. त्याला उभं धरून काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा पलाड्याने (चोचीच्या छोट्या वाटीने) पाजायचं. वजन वाढलं तरच भूल देता येते. नंतर वाचा-उपचार लागतात आणि ते अर्धवट सोडले तर ओठ सुंदर पण बोलणं नाकातून, असं होतं.

पावलासाठी आता मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले इग्नासियो पोन्सेटी यांची पद्धत जगभर वापरतात: दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडं वळवून नवं प्लास्टर, अशी पाच-सात प्लास्टरं, मग टाचेच्या शिरेवर छोटासा छेद. पुढे पट्टीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना. पाय पुन्हा वळतो तो बहुतेक वेळा बूट सोडल्यामुळे. "पाय सरळ झालाय की, आता कशाला त्रास देताय लेकराला" असं घरात कुणीतरी म्हणतंच. त्यांना हे वाचायला द्या.

खर्च कोण करणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे नाव लक्षात ठेवा. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. हृदय, ओठ-टाळू, पाऊल, खुबा, मोतीबिंदू, बहिरेपण यांसाठी १८ वर्षांपर्यंत मोफत उपचार मिळतात. आशाताईंना सांगा किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेलही येतात, हे अनेकांना माहीत नसतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवा.

पुढच्या बाळालाही होईल का?

कशामुळे झालं यावर ते ठरतं. हृदयदोष, ओठ, कणा यांत साधारण शंभरात दोन ते पाच. नेहमीच्या प्रकारच्या डाऊनमध्ये शंभरात एक, पण आई-वडिलांपैकी कुणाची गुणसूत्रं अदलाबदल झालेली असतील तर बरंच जास्त, म्हणून बाळाचा गुणसूत्रांचा अहवाल हवाच. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि तशा आजारांत २५ टक्के.

आमचं बाळ वाचलं नाही. आता तपासण्या करून काय उपयोग?

पुढच्या वेळेसाठी सर्वात जास्त उपयोग त्यांचाच होतो, आणि वेळ अगदी थोडा असतो. बाळाला नेण्याआधी डॉक्टरांना विचारा: फोटो, संपूर्ण शरीराचा एक्स-रे, नाळेचं किंवा बाळाचं थोडं रक्त गुणसूत्रांसाठी आणि डीएनएसाठी राखून ठेवता येईल का. शवविच्छेदन नको वाटलं तर एवढं तरी होऊ द्या. सगळ्या सोनोग्राफीचे अहवाल, घेतलेल्या औषधांची यादी, डिस्चार्ज कार्ड एका फाईलमध्ये ठेवा. फाईल माहेरी, सासरी अशी फिरत हरवते, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुन्हा दिवस राहू देण्याआधी ती घेऊन जनुकतज्ज्ञाकडे जा. गावात कुणी नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागाकडून चिठ्ठी मिळते.